तेरा तास चाळीस मिनिटं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज ऑफिसात पत्रक आलं. एक मार्चपासून दादाच्या शहराला सरळ विमान. मधे कुठे उतरायचं नाही, विमान बदलायचं नाही. अंतर अकरा हजार आठशे किलोमीटर, वेळ तेरा तास चाळीस मिनिटं. सकाळी दहा पंचवीसला निघतं आणि तिथल्या घड्याळाने त्याच दिवशी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी उतरतं.

व्हिसावाले म्हणाले, "घ्या, तुमचे दादा आले जवळ." व्हिसावाले म्हणजे आमच्याकडे व्हिशाचे अर्ज भरणारे गृहस्थ. बावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांना दुसरं नाव आहे हे मालकीणबाईंनाही हजेरीच्या वेळीच आठवतं.

मी पत्रक फाइलला लावलं. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकांना त्या विमानाची माहिती दिली, एकाचं तिकीटही काढलं. सत्तावीस वर्षं लोकांना जगभर पाठवते आहे, स्वतः अजून विमानाच्या पायरीवर पाय ठेवलेला नाही. त्याचं मला काही वाटत नाही. न्हाव्याने स्वतःचे केस कुठे कापायचे असतात.

घरी आले तर बाबा चहासाठी थांबले होते. सात वाजेपर्यंत चहा घ्यायचा नाही आणि मग डोकं दुखतं म्हणायचं, ही त्यांची जुनी खोड. "काय नवीन?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस झाले, अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते आणि रोज भाजी चिरता चिरता राहून जातं.

निदान या वहीत तरी खरं लिहावं. दादा सात वर्षांपूर्वी गेला. तिथे कायमचं राहण्याचे त्याचे कागद अजून व्हायचेत. ते हातात येईपर्यंत देश सोडला तर सगळं पहिल्यापासून. आई गेली त्याला पाच वर्षं झाली. तेव्हाही तो आला नाही, कारण कागद. मी फोनवर विचारलं, "कागद मोठे की आई?" तो काहीच बोलला नाही. तेव्हापासून मीही बोललेले नाही. रविवारी त्याचा फोन येतो, मी बाबांच्या हातात देते आणि भांडी घासायला जाते. रविवारी आमची भांडी फार स्वच्छ निघतात.

बाबा वर्षातून एकदोनदा विचारतात, "मला जाता येईल का गं तिकडे?" मी सांगते, तीन विमानं, एकतीस तास. पाच तास दहा मिनिटं उडायचं, सात तास वीस मिनिटं बाकड्यावर बसायचं, पुन्हा पावणेआठ तास उडायचं, पुन्हा सहा तास बसायचं, मग पावणेपाच तासांचं शेवटचं विमान. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. एकतीस म्हटलं की ते आपल्या गुडघ्यांकडे बघतात आणि विषय संपतो. हे काही खोटं नव्हतं. त्यातल्या त्यात बरा मार्ग तोच होता.

मंगळवारपासून ते खोटं झालं आहे.

आणि मी का सांगत नाही? गुडघ्यांमुळे नाही. तिकडे दादा आहे, पाच वर्षांची नात आहे जिला त्यांनी फक्त फोनवर पाहिलंय, घरापुढे बाग आहे म्हणे. इकडे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि संध्याकाळी दमून वैतागून येणारी मी. ते गेले तर परत कशाला येतील? मला भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. अर्धा तास. बाबा हसत होते. मी तव्याची मागची बाजूही घासली.

नंतर बाबा म्हणाले, "पोरगी म्हणते, आजोबा, माझ्या बाहुलीचा झगा फाटलाय. म्हटलं, पाठव. तर म्हणते, तुम्हीच या." मी म्हटलं, बाहुलीला नवा झगा घ्यायला सांगा. फार तुटक बोलले मी. बाबा मशीनला तेल घालत बसले.

बाबा पन्नास वर्षं शिंपी होते. दुकान सोडलं, मशीन घरी आणलं. ते खिडकीपाशी आहे. दिवसभर तिथेच बसून आळीतल्या लोकांच्या चेन बदलून दे, काजं करून दे, असं चाललेलं असतं. बाहेर फारसे पडत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक बाई लेकीकडे जायचं म्हणून आल्या. सरळ विमानाचं तिकीट हातात घेऊन त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "दहा पंचवीस ते तीन पाच. चार तास चाळीस मिनिटंच? मग मी डबा कशाला भरून ठेवलाय?" त्यांना समजावलं की तिथलं घड्याळ आपल्या नऊ तास मागे चालतं, म्हणून कागदावर वेळ कमी दिसते. बसायचं तेरा तास चाळीस मिनिटंच आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे नऊ तास फुकट मिळाले." म्हटलं, येताना ते परत द्यावे लागतात. त्यांना ते काही पटलं नाही.

संध्याकाळी येताना बघते तर बसच्या अख्ख्या अंगावर जाहिरात. आता सरळ! सकाळी निघा, दुपारी पोहोचा. खाली दादाच्या शहराचं नाव, हातभर अक्षरांत. ती बस आमच्याच रस्त्याने पुढे गेली. बरं आहे, बाबांची नजर हल्ली लांबचं नीट पकडत नाही. सुईत दोरा मात्र अजून एका झटक्यात ओवतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

व्हिसावाल्यांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, "काकांचा फोन आला होता काल, तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा. विमान तासाला किती किलोमीटर जातं, विचारत होते."

"मग?"

"मग काय, साडेआठशे-पावणेनऊशे सांगितलं. मला वाटलं सरळ विमानाचंही विचारतील. नाही विचारलं." मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही सांगितलंय ना त्यांना?"

मी म्हटलं, सांगते आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालंय. दुपारी दोन तिकिटांवर तारखा चुकवल्या. नशीब, छापायच्या आधी दिसल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी उठले तर मशीनवर पृथ्वीचा गोल. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडून बाबांनी मागून आणलेला. बाबांच्या गळ्यात टेप, कानामागे खडू. दुकान सोडल्यापासून इतक्या तयारीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"इकडे ये," म्हणाले. "हे बघ, या गोलाचा घेर सदतीस इंच. खऱ्या पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, असं बाई म्हणाल्या. म्हणजे इंचाला हजार ऐंशी धर. आता आपण इथे, दादा इथे." त्यांनी टेपचं टोक आमच्या शहरावर अंगठ्याने दाबलं आणि गोलावरून ती अशी ओढून नेली की कुठे सुरकुती नाही, कुठे ढिली नाही. "अकरा इंच, सूतभर कमी. पावणेबारा हजाराच्या आसपास. विमान तासाला साडेआठशे-पावणेनऊशे. किती झाले?"

मला आकडा पाठ होता.

"तेरा-साडेतेरा," तेच म्हणाले. "फार तर चौदा. आणि तू म्हणतेस एकतीस. मग बाकीचे सतरा कुठे गेले?"

म्हटलं, विमान असं सरळ जात नसतं, मधे उतरावं लागतं, थांबावं लागतं.

"असेल," ते म्हणाले. "मी आपला कपड्याचा माणूस. आमच्यात कसं असतं, गिऱ्हाईक अडीच मीटर देतं, शर्टाला लागतं सव्वादोन. उरलेलं तू परत केलंस का, हे गिऱ्हाईक विचारत नाही, पण त्याच्या मनात असतं. म्हणून मी कपड्याबरोबर चिंधीसुद्धा परत द्यायचो. तळहाताएवढी असली तरी घडी घालून, त्याच शर्टाच्या खिशात. उरलेलं कापड ठेवून घेणारे शिंपी होते बाजारात. त्यांच्या घरात उशांचे अभ्रे फार छान असायचे."

मी चिडले. चोर पकडला गेला की आवाज त्याचाच चढतो. "बाबा, विमान म्हणजे काही कापड नाही," म्हटलं. "सत्तावीस वर्षं हेच काम करते मी. टेप लावून प्रवास मोजतात का कुणी?"

"बरं," ते म्हणाले. टेप बोटांवर गुंडाळली, गोल पुसला आणि वर देऊन आले. गुडघे धरत जिना चढले, धरत उतरले. मी दारातून बघत होते, सोबत गेले नाही.

दुपारी दादाचा फोन आला. बाबा प्रवासाचं एक अक्षर बोलले नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस बाबा नेहमीसारखेच आहेत. चहा, बातम्या, औषधाची गोळी. एकतीस तासांचा विषय नाही, गोलाचा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. भांडायला निदान समोर कुणीतरी असतं.

मला सारखं वाटतं, माझ्याकडे त्यांचं कापड आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

चहाचा कप खाली ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं. "बाबा, दादाच्या शहराला सरळ विमान सुरू होतंय. एक मार्चपासून. तेरा तास चाळीस मिनिटं. मला चार तारखेपासून माहीत आहे."

"मलाही," बाबा म्हणाले. "दहा तारखेपासून. बसवर लिहिलंय की. दिवसातून आठ वेळा जाते ती खिडकीखालून."

मी खिडकीकडे बघितलं. "तुम्हाला लांबचं दिसत नाही ना?"

"हातभर अक्षर आहे ते. तेवढं आंधळ्यालाही दिसेल."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं की. टेप लावून विचारलं."

"सरळ विचारायचं."

बाबांनी बशी पुढे ओढली. "शिंप्याला त्याची चूक गिऱ्हाइकाने दाखवली की तो भांडतो. पाच मिनिटांत दुकानात गर्दी जमते. त्याच्या त्याला दिसली की तो गुपचूप उसवतो आणि पुन्हा घालतो. मी म्हटलं, थांबू. तू काही लबाड नाहीस. उशीर होतो तुला, एवढंच."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. का सांगितलं नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण त्यांनी माझ्या कपात उरलेला चहा गरम करून आणला, म्हणजे रागावलेले नसावेत.

"जाणार ना?" मी विचारलं.

"जाईन म्हणतो. नातीच्या बाहुलीचं काम आहे."

"परतीची तारीख कुठली घालू?"

"घाल तुला कळेल ती," ते म्हणाले. हेच मला नको होतं. एक तारीख तोंडाने सांगितली असती तर मला झोप लागली असती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तिकीट काढलं. जाणं सोळा मार्च, येणं सत्तावीस एप्रिल, सहा आठवडे. दादाने बाबांकरवी तीन महिने सुचवले होते. मी सहा आठवडेच घातले. तारीख बदलता येईल असंच तिकीट घेतलं. एवढं तरी मन मोठं केलं.

व्हिशासाठी बाबा स्वतः ऑफिसात आले. सही करायला दोन मिनिटं पुरतात, हे व्हिसावाल्यांच्या टेबलाशी तासभर बसले. काय बोलत होते देव जाणे. मी जवळ गेले की दोघंही विजारीच्या मापावर यायचे. म्हातारे झाले की पुरुषांना गप्पांना वेळ पुरत नाही, बायकांना उगाच नावं ठेवतात.

४ मार्च, मंगळवार

बाबांची तयारी बघून हसावं की रडावं कळत नाही. स्वतःची बॅग अजून रिकामी आहे. दादासाठी शर्ट शिवला, अंदाजाने, सात वर्षांत किती सुटला असेल ते धरून. नातीसाठी दोन फ्रॉक, बाहुलीसाठी एक. इथवर ठीक. पण आज घरी येऊन बघते तर माझा जुना कोट उसवून बसलेले. आत नवं जाड अस्तर घालणार म्हणे. म्हटलं, बाबा, थंडी तिकडे आहे, स्वतःच्या कोटाचं बघा. माझा कोट कपाटातून वर्षातून एकदासुद्धा बाहेर निघत नाही.

"असू दे, कापड पडून होतं," म्हणाले. मग जरा वेळाने, "तुझा पासपोर्ट चालू आहे ना गं?"

"आहे. मालकीणबाई सगळ्यांना काढायला लावतात. का?"

"काही नाही. संपला की हल्ली फार वेळ लावतात म्हणे."

वय झालं की काळज्याही कुठल्या कुठे भरकटतात. जायचं यांना, आणि चौकशी माझ्या पासपोर्टची.

१७ मार्च, सोमवार

काल बाबा गेले.

विमानतळावर त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "ही कुणासाठी?" आणि बॅग तीत ठेवून स्वतः चालत निघाले. खुर्ची ढकलणारा माणूस नुसती बॅग बसवून त्यांच्या मागून चालला. दारावरच्या तपासणीपाशी मी थांबले, कारण तिथून पुढे तिकीटवाल्यांनाच सोडतात. बाबा वळले. मला वाटलं काहीतरी बोलतील. "गॅस बंद केला होतास ना?" असं म्हणाले आणि गेले.

घरी आले. आजवर माझ्या गिऱ्हाइकांचे नातेवाईक फोन करून विचारायचे, आता विमान कुठे असेल हो, आणि मी मनात म्हणायचे, कुठे असणार, आकाशात. काल दिवसभर मी फोनवर त्या विमानाची खूण बघत होते. दर वेळी वाटायचं, जागची हललीच नाही. अकरा हजार आठशे किलोमीटर हा आकडा मी शेकडो लोकांना सांगितला असेल. तो इतका लांबलचक आहे हे काल कळलं. तीन वाजता वरच्या मास्तरीणबाई येऊन बसल्या, म्हणाल्या, जेवा. मग जेवले.

आपल्या रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी उतरलं. पाऊण तासाने दादाचा मेसेज आला, थेट मला. एकच शब्द. पोचले. मी उत्तर दिलं नाही. वाचल्याची खूण त्याला दिसली असेल.

२३ मार्च, रविवार

आज फोन वाजला आणि हातात द्यायला कुणी नव्हतं. उचलला. बाबाच होते.

प्रवास झकास झाला म्हणे. शेजारच्या बाईंच्या बाहीची शिवण सुटली होती. हवाईसुंदरीकडून सुई-दोरा मागून ती घालून दिली. मग मागच्या रांगेतल्या एका माणसाचं बटण. "चौदा तास कुठे गेले कळलं नाही. तू उगाच घाबरवत होतीस."

"तेरा तास चाळीस मिनिटं," मी म्हटलं.

दादाला शर्ट कमरेत घट्ट झाला. नात त्यांच्या मांडीवरून उतरत नाही. घरापुढची बाग खरंच आहे आणि बाबा तिला सकाळी पाणी घालतात. हे सगळं ते इतक्या आनंदाने सांगत होते की मलाही बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र घर फार मोठं वाटलं. दोन खोल्यांचं घर मोठं वाटायला काय लागतं.

४ एप्रिल, शुक्रवार

आज ऑफिसातून मुद्दाम उशिरा निघाले. घरी कुणी चहाला खोळंबलेलं नाही. नऊपर्यंत बसून मागच्या वर्षीच्या फायली लावल्या. व्हिसावाले म्हणाले, "जा हो घरी." म्हटलं, घरीच आहे असं समजा.

सत्तावीस तारखेला तेवीस दिवस आहेत.

१४ एप्रिल, सोमवार

व्हायचं तेच झालं. मी जरा बाहेर गेले असताना बाबांनी ऑफिसात फोन केला. मला नाही, ऑफिसात. गिऱ्हाइकासारखा. व्हिसावाल्यांनी निरोप कागदावर लिहून ठेवला होता: प्रवाशाला परतीची तारीख पुढे ढकलून हवी आहे, अकरा मे.

मी तो कागद चारदा वाचला. तारीख बदलणं माझंच काम. रविवारी विमानात जागा भरपूर असतात आणि अकरा मेला तर होत्याच. बदलली. छापलं. तारीख एकदाही चुकवली नाही, हे इथे नमूद करते. आधी दोन आठवडे, मग दोन महिने, मग तिथलेच. अशी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली आहेत. वाईट वाटलं, पण वीस फेब्रुवारीला गप्प बसले असते तर याहून वाईट वाटलं असतं. ते कापड त्यांचंच होतं.

मग व्हिसावाले म्हणाले, "मागची बाजू बघितलीत का?"

मागच्या बाजूला लिहिलं होतं: प्रवासी वयस्कर असल्याने परत येताना सोबत हवी. सोबतीचं तिकीट इथून काढावं. जाणं तीन मे, येणं प्रवाशाबरोबर.

"सोबत? कुणाची?" मी विचारलं.

व्हिसावाल्यांनी खण उघडून एक फॉर्म काढला. पूर्ण भरलेला, माझ्या नावाचा. फोटोही माझा, गेल्या वर्षी ओळखपत्रासाठी काढलेला. फक्त सही राहिली होती. वर तारीख होती पंचवीस फेब्रुवारी.

"काकांनी सांगितलं होतं, मी फोन करेन तेव्हा काढा," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत होईल व्हिसा. रजेचं मालकीणबाईंशी बोललोय मी. त्या म्हणाल्या, सत्तावीस वर्षांत या बाईने रजा मागितली नाही, मला वाटलं हिला माहीतच नाही रजा असते."

मला राग आला. सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि मला शेवटी सांगायचं. हे व्हिसावाल्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "हो का? असं कुणी करू नये खरंच," आणि पेन पुढे केलं.

सही केली. काय करणार? म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं आणायचं?

१५ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी आठला मीच फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा. बाबांनी उचलला.

"बाबा, जाताना तर खुर्ची नाकारून एकटे गेलात. आणि आता सोबत हवी?"

"जाताना तरुण होतो," म्हणाले. "महिन्याभरात वय वाढलं."

"दादाला सांगा सोडायला."

"त्याचे कागद कुठे झालेत. त्याला नाही निघता येत."

"मग?"

"मग तूच. मला घरी न्यायला तुझ्याशिवाय आहे कोण?"

न्यायचंय ते घर इथलं, हे त्यांनी इतकं सहज म्हटलं. दोन महिने मी ज्या वाक्याची वाट बघत होते, ते सांगावं लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

"येते," मी म्हटलं.

"हां. आता एक काम राहिलं. दादा येणार तुला विमानतळावर घ्यायला. किती वाजता उतरतेस, कुठल्या दाराने बाहेर येतेस, ते त्याला सांग. मला नाही कळत ते तुमचे नऊ तास पुढे की मागे." आणि मी थांबा, थांबा म्हणेपर्यंत त्यांनी फोन त्याच्याकडे दिला.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. इकडे भांडी घासून झाली होती.

"तीन मे," मी म्हटलं. गिऱ्हाइकाला सांगतात त्या आवाजात, दुसरा कुठला सापडला नाही. "दहा पंचवीसला निघेन. तुझ्या वेळेने तीन वाजून पाच मिनिटांनी उतरेन. सामान घेऊन बाहेर यायला पाऊण तास धर."

"सरळ विमान ना?" दादाने विचारलं.

"हो, सरळ. तेरा तास चाळीस मिनिटं."

"मी अडीचलाच येऊन थांबतो," तो म्हणाला.

"इतक्या लवकर कशाला?"

"असू दे."

फोन ठेवता आला असता. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं. "तू बोल."